आबासाहेब नावाचा ग्रह

"ह्याला बढती मिळायची काय सोय हाय का न्हाई?"

तात्यासाहेब रणनवरे झोपाळ्यावर बसून पायांना तेल चोळून घेत होते, आणि तसंच चोळून घेता घेता त्यांनी मला हे विचारलं. समोर खुर्च्या होत्या, पण बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या शेजारी प्राचार्य शेडबाळे पोटावर हात बांधून उभे होते. संस्थेच्या अध्यक्षांसमोर त्यांना हात मोकळे सोडून उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही. 'ह्याला' म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात सूर्याभोवती फिरणाऱ्या एका दगडाला.

"बढती नसते, साहेब," मी म्हणाले. "तो लघुग्रह आहे. लघुग्रहच राहणार."

"लघु म्हंजे? निम्मा तरी ग्रह हाय का?"

"नाही."

"पाव?"

"साहेब, ग्रह व्हायला तीन अटी आहेत. सूर्याभोवती फिरायला हवं. स्वतःच्या वजनानं दाबून गोल व्हायला हवं. आणि आपल्या वाटेवरचं बाकी सगळं गिळून किंवा ढकलून वाट मोकळी करायला हवी."

"मग ह्यो काय काय करतोय?"

"फिरतो. बास, एवढंच. आकार बटाट्यासारखा असेल. आणि वाटेवर त्याच्यासारखे लाखो आहेत."

"म्हंजे ह्याला कुणी मोजत न्हाई," तात्यासाहेब म्हणाले. तिसरी अट इतक्या झटकन समजलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"प्लूटोचंही तेच झालं, साहेब," प्राचार्यांनी आपल्याला विषय ठाऊक असल्याचं दाखवलं. "त्याला काढून बटुग्रह केला."

"कुणी काढला?"

"प्रागला जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांची सभा झाली होती," मी सांगितलं. "मतदान झालं."

तात्यासाहेबांनी पाय मागे घेतला. तेल लावणाऱ्या माणसाचे हात हवेतच राहिले.

"मतदान? आन् मग मगापास्नं काय सांगताय तुमी? मतदान हाय म्हणल्यावर मानसं बी असतील की तिथं! प्राचार्य, प्रागला कोण हाय आपलं?"

प्राचार्यांनी खरोखरच विचार केला. "चौकशी करतो, साहेब."

बेलवंड्यातला कारखाना तात्यासाहेबांचा होता, बँक त्यांची होती, कॉलेज त्यांचं होतं. आभाळाचाही एखादा तुकडा आपला असावा असं त्यांना वाटलं तर त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते बाकीच्यांचं. ज्यांनी पदव्या घेतल्या होत्या, ज्यांच्या नावामागे डॉक्टर होतं, ते या माणसासमोर उभे राहून पृथ्वी सपाट आहे असंही म्हणाले असते. फक्त आधी विचारलं असतं, साहेबांना कुठल्या बाजूनं सपाट हवी आहे.

मी त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होते. तास घ्यायचे, त्या तासांपुरतं असायचं, आणि दर जूनला पुन्हा बोलावतात का याची वाट बघायची. परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीनं काढलेले फोटो तेव्हा ठिकठिकाणच्या कॉलेजांना इंटरनेटवरून मिळत. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, थोड्या थोड्या वेळानं घेतलेले चार फोटो. ते एकामागून एक पडद्यावर दाखवले की तारे जागच्या जागी राहतात, आणि एखादा ठिपका मुंगीसारखा पुढे सरकला तर तो बहुधा लघुग्रह. मी आमच्या कॉलेजचं नाव नोंदवलं. सुरुवातीला बरीच मुलं आली. पडद्यावर काळं पांढरं सोडून काही दिसत नाही हे कळल्यावर गेली. राहिली ती तस्लीम मुजावर.

तस्लीम दुसऱ्या वर्षाला होती. तिचे वडील मेहबूब मास्तर यांचा ब्रास बँड होता. ते स्वतः क्लॅरिनेट वाजवत, आणि पंचक्रोशीतलं लग्न त्यांच्याशिवाय लागत नसे. मुलगी फार बोलत नसे. पण तिला एखादी गोष्ट 'साधारण' सांगितलेली चालत नसे. मी एकदा वर्गात म्हणाले, पट्ट्यातला सगळ्यात मोठा लघुग्रह सेरेस. तास संपल्यावर ती माझ्यामागून आली.

"मॅडम, सेरेस आता बटुग्रह आहे ना? प्लूटोबरोबर त्यालापण केलं. अष्टपुत्रे सरांनी लिहिलंय."

डॉ. विश्वास अष्टपुत्रे हे पुण्याच्या एका नामवंत संस्थेतले खगोलशास्त्रज्ञ. रविवारच्या पुरवणीत त्यांचं सदर यायचं. प्लूटोला ग्रहांमधून काढलं तेव्हा सगळीकडे नुसता गळा काढणं चाललं होतं. बिचारा प्लूटो, गरीब प्लूटो, लहानाचं कुणी नसतं, वगैरे. ज्यांनी जन्मात कधी दुर्बिणीला डोळा लावला नाही, त्यांना प्लूटोसाठी हुंदके येत होते. त्या रडारडीत एकट्या अष्टपुत्र्यांनी सरळ लिहिलं होतं की ग्रह म्हणणं हा सत्कार नाही आणि ग्रह न म्हणणं हा अपमान नाही. जे जसं आहे त्याला तसं म्हणायचं, एवढंच शास्त्राचं काम. तस्लीम तेव्हा शाळेत होती. तिला तो लेख पाठ होता. अक्षरशः पाठ. ती म्हणून दाखवायची.

त्या हिवाळ्यात तिला एक ठिपका सरकताना दिसला. आम्ही कळवलं. तिकडून उत्तर आलं की ही प्राथमिक नोंद घेतली आहे. पुढे आणखी निरीक्षणं झाली आणि कक्षा नक्की ठरली तर त्याला क्रमांक मिळेल, आणि त्यानंतर नाव सुचवता येईल. याला बरीच वर्षं लागतात. कधी कधी तो आधीच कुणालातरी सापडलेला निघतो. मी हे सगळं प्राचार्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, 'बेलवंड्याच्या कन्येने शोधला नवा ग्रह, स्व. आबासाहेब रणनवरे यांचे नाव देणार.'

आबासाहेब म्हणजे तात्यासाहेबांचे वडील. आमदार होते. म्हणून त्या दिवशी झोपाळ्यासमोर मला शेवटची गोष्टही सांगावी लागली.

"साहेब, राजकारणातल्या माणसाचं नाव द्यायचं असेल तर तो जाऊन शंभर वर्षं झालेली असावी लागतात. तसा नियम आहे."

तात्यासाहेबांनी बोटांवर मोजलं.

"आबास्नी जाऊन आता कुठं सात झाली," तात्यासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात वडलांविषयी दुःख होतं की तक्रार, ते मला कळलं नाही.

बाहेर आल्यावर प्राचार्य माझ्यावर घसरले. "काय गरज होती, पाटोळे मॅडम? शंभर वर्षं म्हणे! माणूस हौसेनं विचारतोय."

"खरं तेच सांगितलं, सर."

"खरं काय, पुस्तकात असतंच. कार्यक्रमात तुम्ही दोन शब्द बोलायचे आहेत. 'ग्रह' म्हणायचं, खाली बसायचं. लघुग्रह या शब्दात ग्रह आहेच की! तेवढं पुढचं 'लघु' गिळा." मग आवाज उतरवून म्हणाले, "जूनमध्ये एक जागा कायम होतेय. साहेबांनी तुमचं नाव काढलं होतं. आज सकाळपर्यंत तरी."

मी 'लघु' गिळणार नव्हते. माझ्या अंगात फार धैर्य होतं अशातला भाग नाही. त्या माणसांचा मला इतका उबग आला होता की त्यांच्यासारखं एक वाक्य बोलायचं म्हटलं तरी तोंड धुवावंसं वाटायचं. मी ठरवलं होतं, माइकवर जाऊन सरळ सांगायचं. आणि तसं मी सांगितलंही असतं, पण कार्यक्रमाच्या आधी तस्लीम प्रयोगशाळेत आली.

"मॅडम, तुम्ही ग्रह म्हणा ना."

"तू सांगतेस हे?"

"साहेबांनी अब्बांना बोलावलं होतं. म्हणाले, पोरीला पुढं पुण्याला पाठवू, संस्था सगळं बघेल. अब्बा हो म्हणाले, मॅडम." ती एका दमात सांगत होती. "नाहीतर ग्रॅज्युएशन झालं की लग्न करायचं म्हणत होते. मिरजेचं स्थळ पण आलं होतं. ते आता नको म्हणून कळवलं."

"आणि मी खरं बोलले तर?"

"तर साहेब कशाला पाठवतील?"

"तस्लीम, तो लेख तुला पाठ आहे."

"आहे ना. म्हणूनच जायचंय." ती टेबलाच्या कडेला नख ओढत राहिली. "इथं एकदा खोटं बोलायचं, मॅडम. तिथं गेल्यावर नाही बोलावं लागणार."

तिच्यावर चिडावं असं तिच्या बोलण्यात काही नव्हतं. चीड आली ती त्यांचीच. एका मुलीला पुण्याला पाठवायचं तर तिच्याकडून आधी खोट्याचा टोल घ्यायचा, हा त्यांचा व्यवहार. शेवटी मी तिला म्हणाले, "मी बोलणारच नाही. घसा बसलाय म्हणून सांगेन. ग्रह म्हणणार नाही, आणि नाही असंही म्हणणार नाही."

"अष्टपुत्रे सर येणारेत," ती एकदम उजळून म्हणाली. "साहेबांनी त्यांना बोलावलंय. प्रमुख पाहुणे."

हे मला नवीन होतं. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्यांचं कोण वाकडं करणार होतं? त्यांनी हसत हसत सांगितलं असतं की हा लघुग्रह आहे आणि तरीही ही मोठी गोष्ट आहे, तर तात्यासाहेबांना टाळ्या वाजवाव्या लागल्या असत्या. मुलीचं पुणंही सुटलं नसतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी दुपारी विश्रामगृहावर त्यांना भेटायला गेले. जेवण नुकतंच झालं होतं. अष्टपुत्रे सर दिसायला अगदी सदराखालच्या फोटोसारखे होते. पांढरे केस मागे वळवलेले, खादीचा कुर्ता, हसरे डोळे. मी सगळा प्रकार सांगायला लागले तसे ते हात वर करून म्हणाले, "अहो बाई, प्राथमिक नोंद म्हणजे काय, हे तुम्ही मला सांगताय का?"

"नाही सर. पण पेपरात ग्रह आलंय. तुम्ही आज सांगितलंत तर..."

त्यांनी मला खिडकीशी नेलं. गावामागचा डोंगर दिसत होता. "ती टेकडी पाहिलीत? रणनवरे साहेब ती सगळी द्यायला तयार आहेत. वेधशाळेसाठी. काळोख आहे, हवा कोरडी आहे. मी वीस वर्षं सरकारच्या दारात हिंडतोय, आणि हा मनुष्य जेवणाच्या पानावर हो म्हणाला."

"म्हणजे तुम्ही ग्रह म्हणणार?"

"एका शब्दानं काय होतं? वेधशाळा झाली तर इथली शेकडो मुलं आकाश बघतील. त्यांना मग आपोआप कळेलच, ग्रह कुठला आणि दगड कुठला." ते माझ्याकडे बघून अगदी मायेनं हसले. "तुम्ही तरुण आहात. शास्त्राला लोकांपर्यंत न्यायचं तर थोडं लवचीक व्हावं लागतं."

तात्यासाहेबांचा मला त्या क्षणापर्यंत तिटकारा होता. त्या क्षणी तो ओसरला. जे जसं आहे त्याला तसं म्हणायचं, असं निदान त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

"सर, ती मुलगी तुमचं सगळं वाचते," मी म्हणाले.

"हो का? वा! भेटवा मला नंतर."

संध्याकाळी उन्हं उतरताना मिरवणूक निघाली. उघड्या जीपला थर्माकोलची कड लावून तिचा रथ केला होता. वर बांबूला एक भलामोठा गोळा टांगला होता. त्याला शनीसारखं कडं होतं, आणि कड्यावर 'आबासाहेब' असं चमकीनं लिहिलं होतं. सूर्याभोवती फिरणाऱ्या बटाट्याला गोळा बनवणाऱ्या कलाकारानं कडं का दिलं, ते मी विचारलं नाही. गोळ्याखाली तस्लीम उभी होती, फेटा बांधून, दोन्ही हातांनी जीपची दांडी घट्ट धरून. आणि जीपच्या पुढे, लाल कोट आणि सोनेरी गोंडे लावून, मेहबूब मास्तरांचा बँड. मुलीच्या मिरवणुकीला बापाचाच बँड लावावा ही कल्पना प्राचार्यांची. ती सुचल्याबद्दल ते स्वतःवर इतके खूश होते की मला दोनदा सांगून गेले. मास्तर क्लॅरिनेट वाजवत उलटे चालत होते, म्हणजे मुलगी दिसावी. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. त्या सगळ्या गर्दीत खोटं नव्हतं असं तेवढंच काही असेल.

मैदानावर मांडव होता. शाली झाल्या, नारळ झाले. प्राचार्यांनी प्रास्ताविकात तात्यासाहेबांना सूर्य म्हटलं आणि स्वतः बाकीच्यांसारखे त्यांच्याभोवती फिरून आले. माझं नाव पुकारलं तेव्हा मी घशाकडे बोट दाखवलं. प्राचार्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग अष्टपुत्रे सर उठले.

ते उत्तम बोलत. सूर्यमाला कशी झाली, धुळीच्या ढगातून गोळे कसे जमले, काही थोर झाले, काही तसेच विखुरलेले राहिले, हे त्यांनी असं सांगितलं की पुढच्या सतरंजीवरची पोरंसुद्धा गप्प बसली. तस्लीम व्यासपीठाच्या टोकाच्या खुर्चीवर होती. ती पुढे वाकून, ओठ किंचित उघडे ठेवून ऐकत होती. पाठ असलेलं गाणं समोर गायलं जाताना आपले ओठ हलतात, तसे तिचे मधूनमधून हलत होते.

"आणि आज," सर म्हणाले, "या कुटुंबात एका नव्या ग्रहाची भर पडते आहे. शास्त्रज्ञ म्हणून मी तुम्हाला ग्वाही देतो. कोणी त्याला लहान म्हणेल, कोणी मोठा म्हणेल. पण ग्रह तो ग्रहच! आणि त्याला आबासाहेबांसारखं थोर नाव मिळतं आहे, यापेक्षा त्याचं भाग्य ते कोणतं?"

टाळ्या. शिट्ट्या. तात्यासाहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला. मी तस्लीमकडे बघितलं. तिचे ओठ मिटले होते. ती मागे टेकून बसली आणि डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी उचलून तिनं मांडीवर ठेवला.

शेवटी तिचं मनोगत होतं. मराठीच्या सरांनी लिहून दिलेलं. ती माइकपाशी गेली. हात रिकामे होते.

"हा ग्रह नाही," ती म्हणाली.

लोकांना वाटलं ही सुरुवात आहे. ते पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले.

"लघुग्रह आहे. आणि तोपण अजून नक्की नाही. मला चार फोटोंत एक ठिपका सरकताना दिसला. तो पुन्हा सापडला आणि त्याची वाट मोजता आली तर त्याला नंबर मिळणार. मग नाव. सर आत्ता म्हणाले ते खरं नाही. सरांना माहितीये ते खरं नाही..."

प्राचार्य खुर्चीतून उडाले. माइक काढून घ्यायला जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून ते व्यासपीठाच्या कडेला येऊन खाली बघत ओरडले, "मास्तर! बँड! वाजवा, वाजवा!"

बँड खालीच उभा होता. ढोलवाल्यानं टिपरू उचललं. कॉर्नेटवाल्यानं ओठाला लावलं. सगळे मास्तरांकडे बघत होते, कारण क्लॅरिनेटनं उचलल्याशिवाय तो बँड वाजत नसे. मेहबूब मास्तरांनी वर मुलीकडे पाहिलं. मग क्लॅरिनेट खाली घेऊन काखेत धरलं.

"वाजवा म्हणतोय ना!"

मास्तर हलले नाहीत. तस्लीमनं ते बघितलं. तिचा आवाज आतापर्यंत कापत होता, तो स्थिरावला.

"सरांनीच लिहिलंय की ग्रह न म्हटल्यानं प्लूटोचं काही बिघडत नाही. पण जे नाही ते म्हटलं तर म्हणणाऱ्याचं बिघडतं. एवढंच." आणि ती जाग्यावर जाऊन बसली.

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. अशा वेळी आपण फार अपेक्षा ठेवतो. तात्यासाहेब सावकाश उठले, माइकपाशी आले आणि मोठ्यांदा हसले.

"बगितलंसा? येवढा ग्रह शोधला, पर पोरगी मोठेपना घ्याया तयार न्हाई! ह्याला म्हनायचं संस्कार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मगापेक्षा मोठा. अष्टपुत्रे सर मान डोलावत शेजारच्यांना म्हणाले, आणि माइक जवळ असल्यानं ते सगळ्यांना ऐकू आलं, "विनय! खऱ्या संशोधकाची खूण!" लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. जिनं त्यांना आत्ताच तोंडावर खरं सांगितलं होतं, तिचाच जयजयकार करत होते, आणि त्यातलं एक अक्षर कुणाच्या कानात शिरलं नव्हतं. शिरलं असेल तर त्यांनी ते थुंकून टाकलं.

फक्त तात्यासाहेब खुर्चीकडे परत जाताना तस्लीमजवळ क्षणभर वाकले. हसतच. काय म्हणाले ते तिनं मला नंतर सांगितलं. म्हणाले, "पुनं इसर."

मांडवामागे बँडवाले सामान टेम्पोत चढवत होते. मास्तर लाल कोट काढून घडी घालत होते. मी जवळ गेले.

"मास्तर, का नाही वाजवलंत?"

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "पोरगी बोलत हुती की, मॅडम. मधीच कसं वाजवायचं?"

तस्लीम टेम्पोच्या फाळक्यावर बसली होती. मी तिच्या शेजारी टेकले. मला तिच्यावर रागवायचं नव्हतं, पण विचारल्यावाचून राहवलं नाही.

"मला गप्प बसवलंस. आणि स्वतः?"

"तुम्ही ग्रह म्हणाला असतात ना मॅडम, तरी मी ते भाषण वाचलं असतं. शप्पथ." ती पायांकडे बघत होती. "साहेब म्हणाले तेव्हा मला काही वाटलं नाही. प्राचार्य म्हणाले तेव्हापण नाही. ही माणसं अशीच बोलतात. मला वाटायचं, इथून सुटायचं आणि सरांकडे जायचं. तिथं असं बोलत नाहीत."

तिनं मान वर केली.

"तिथलेच आले ना, मॅडम. आता मी कुणासाठी खोटं बोलायचं?"

जूनमध्ये मला बोलावणं आलं नाही, आणि त्याचं मला फार वाईटही वाटलं नाही. मी साताऱ्यात शिकवण्या सुरू केल्या. मिरजेच्या स्थळाला पुन्हा निरोप पाठवायचा का, याबद्दल मुजावरांच्या घरात महिनाभर वाद चालला. नातेवाइकांनी मास्तरांना बरंच ऐकवलं. कारखान्याच्या कार्यक्रमांना त्यांचा बँड सांगेनासे झाले. पण त्या संध्याकाळनंतर मास्तर मुलीच्या बाबतीत कुणाचं ऐकेनात. तिचे मामू हैदराबादला होते. पदवी झाल्यावर तिनं तिथल्या विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा दिली आणि ती गेली. पुढे बाहेरच्या देशात. आज ती एका वेधशाळेत लहान वस्तूंच्या कक्षा मोजते. तिला पहिल्यांदा दिसलेला ठिपका पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याचं तिला दुःख नाही. असे पुष्कळ हरवतात, म्हणते. टेकडीवर तात्यासाहेबांनी खरंच घुमट बांधला. आत दुर्बीण कधी आली नाही. लग्नसराईत तो घुमट भाड्यानं मिळतो.

गेल्या वर्षी पुण्यात विज्ञानशिक्षकांचं संमेलन होतं. दुपारच्या चहाला अष्टपुत्रे सर काठी टेकत माझ्याकडे आले. त्यांना माझं नाव आठवत नव्हतं, पण गाव आठवत होतं.

"ती मुलगी काय करते हो? मुजावर. मी परवाच कुठेतरी तिचं नाव वाचलं. केवढं काम करतेय!" त्यांचे डोळे तसेच हसरे होते. "मी तेव्हाच म्हटलं होतं, खऱ्या संशोधकाची खूण. मीच सगळ्यांत आधी ओळखलं तिला."

"हो, सर."

"पण एक खंत आहे. माझ्याकडे आली असती तर मी तिचं सोनं केलं असतं. कशी आली नाही, कोण जाणे."

"आली होती," मी म्हणाले.

"माझ्याकडे? कधी?"

"तुम्ही भाषण करत होतात तेव्हा."

मी कप ठेवला आणि सभागृहात गेले.